लाल डोंगराची नक्कल

रमजानच्या आधी घराला रंग दिला की बैठकीच्या मोठ्या भिंतीवर काय लावायचे, हा प्रश्न दरवर्षी निघतो. एका बाजूला आयतुल कुर्सीची फ्रेम आहे, दुसऱ्या बाजूला काबा शरीफ, आणि मधली जागा रिकामी. माणसांचे फोटो आमच्या घरी बैठकीत लावत नाहीत. प्लास्टिकच्या फुलांचा सगळ्यांना कंटाळा आला होता. यंदा त्या जागी एक लाल डोंगर आला. तो बाजारातून आणलेला नाही, माझ्या भाचीने हाताने रंगवलेला आहे. तरीही तो पूर्णपणे तिचा नाही. या 'तरीही'वरून घरात बरीच चर्चा झाली. तीच वाचक भगिनी-बंधूंपुढे ठेवते आहे.

भाची नववीत आहे. शासकीय रेखाकला परीक्षेतली एलिमेंटरी झाली, आता इंटरमिजिएटची तयारी चालू आहे. हात बसवायचा असेल तर चांगल्या चित्रांची नक्कल करत जा, असे कलाशिक्षकांनी सांगितले आणि काही जपानी निसर्गचित्रे दाखवली. त्यातला एक डोंगर तिच्या मनात भरला.

डोंगर कुठला?

तो डोंगर म्हणजे जपानचा फुजी पर्वत. चित्रकार कात्सुशिका होकुसाई. जन्म १७६०, मृत्यू १८४९. सत्तरीच्या आसपास असताना त्याने फुजीची एक चित्रमाला काढली. नाव होते 'फुजीची छत्तीस दृश्ये', पण लोकांना ती इतकी आवडली की पुढे आणखी दहा वाढवली आणि एकूण शेहेचाळीस झाली. प्रचंड लाट आणि तिच्याखाली हेलकावणाऱ्या होड्या असलेले चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आता ते टी-शर्टवर आणि मोबाईलच्या कव्हरवरही दिसते. तेही याच मालेतले. भाचीने निवडलेले चित्र साधे आहे. खाली हिरवे रान, वर तांबूस-विटकरी डोंगर, शिखरावर बर्फाचे थोडे ओघळ, मागे निळ्या आकाशात पांढऱ्या ढगांच्या ओळी. त्यात माणूस नाही, पक्षी नाही, घरही नाही. दक्षिणेचा मंद वारा वाहत असलेली निरभ्र सकाळ, असा त्याच्या जपानी नावाचा अर्थ आहे. जगभर लोक त्याला 'लाल फुजी' म्हणतात.

हे चित्र मुळात रंगवलेले नाही, ते छापलेले आहे. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरक्या तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर उलटा चिकटवून त्यावरूनच कोरी. म्हणजे चित्रकाराचे मूळ रेखाटन त्या कोरण्यातच नष्ट होई. मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. छापणारा ओलसर कागद फळीवर ठेवून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने मागून घासत असे. कागद दरवेळी त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला खाचा ठेवलेल्या असत. या सगळ्यामागे पैसे लावणारा प्रकाशक असे. एका चित्रामागे असे किमान चार जण. कच्छमध्ये खत्री मुस्लिम कारागिरांची अजरखची छपाई कुणी पाहिली असेल तर हे लगेच कळेल. तिथेही लाकडी ठसे, प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा, आणि जोड चुकली की सगळा कपडा वाया.

अशी चित्रे शेकड्यांनी छापली जात आणि सामान्य माणसालाही परवडत. ती राजवाड्यासाठी नव्हती. दुकानदार, वाटसरू, गृहिणी ती विकत घेत. उतागावा हिरोशिगे (१७९७ ते १८५८) या दुसऱ्या मोठ्या चित्रकाराने तोकाइदो या हमरस्त्यावरच्या ५३ मुक्कामांची चित्रमाला काढली. त्यात पाऊस आहे, धुके आहे, बर्फ आहे, आणि त्यातून वाट काढणारी लहान लहान माणसे आहेत.

घरात लावावे का?

आमच्या अम्मींनी पहिला प्रश्न हाच विचारला. सजीवांच्या चित्रांबाबत आपल्या घराघरांत वेगवेगळे मत असते, उलेमांमध्येही तपशिलात फरक आहे. त्यावर निवाडा देण्याचा अधिकार माझा नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. पण निसर्गाच्या चित्राबद्दल सहीह बुखारीतली एक हकिकत सर्वांना ठाऊक असावी. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला. त्यांनी त्याला सजीवांच्या चित्रांबद्दलचा इशारा ऐकवला. तो घाबरला. तेव्हा त्यांनी त्याला वाट दाखवली: हेच काम करायचे असेल तर झाडे काढ, ज्यात जीव नाही ते काढ.

त्यामुळेच आपल्या जुन्या इमारतींवर वेली, फुले, सुरूची झाडे आणि अक्षरे इतकी बहरली. आणि म्हणूनच लाल फुजीबद्दल अम्मींची काही तक्रार राहिली नाही. "डोंगर अल्लाहने बनवलाय, पाहायला काय हरकत?" एवढेच त्या म्हणाल्या. हिरोशिगेचे पावसातल्या पुलाचे चित्र मात्र भाचीने वहीतच ठेवले, कारण त्यात पुलावरून पळणारी माणसे आहेत. घरातल्या मोठ्यांचा मान राखून आवड जपता येते, हे ती न सांगता शिकली.

नक्कल म्हणजे चोरी?

दुसरा प्रश्न माझा होता. दुसऱ्याचे चित्र पाहून काढण्यात काय मोठेपण? परीक्षेत शेजारच्या मुलीचे पाहून लिहिले तर आपण रागावतो ना!

याचे उत्तर आपल्याच परंपरेत सापडले. अरबी-फारसी सुलेखन शिकणारा विद्यार्थी उस्तादाने लिहून दिलेली ओळ समोर ठेवतो आणि तीच पुन्हा पुन्हा लिहितो. याला 'मश्क' म्हणतात. नुकत्याच धरलेल्या बोरूने नवे काही करायला कुणी सांगत नाही. आधी उस्तादाचा अलिफ जसा उभा आहे तसा तुझा उभा राहू दे, मग पुढचे. असे अनेक महिने, कधी वर्षे जातात. हात तयार झाला की उस्ताद 'इजाजत' देतो. त्यानंतरच शागिर्दाने आपल्या लिखाणाखाली आपले नाव घालायचे. म्हणजे नक्कल ही शिकण्याची पायरी होती, आणि नाव घालणे ही जबाबदारी होती.

चित्रकलेतही हेच. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग पॅरिसमध्ये असताना जपानी छापचित्रे गोळा करत असे. १८८७ मध्ये त्याने हिरोशिगेची दोन चित्रे तैलरंगात उतरवली: एक फुललेल्या आलुबुखाराच्या बागेचे, दुसरे त्याच पावसातल्या पुलाचे. ती आज आम्स्टरडॅमच्या त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहेत. मूळ चित्रातला सपाट रंग त्याने जाड थरांनी दिला, भोवती चौकट वाढवून त्यात जपानी अक्षरे भरली. ती नक्कल आहे हे कुणापासून लपत नाही, आणि तो काय शिकला तेही दिसते.

महाराष्ट्रातले उदाहरण तर अधिक जवळचे. अजिंठ्याची भित्तिचित्रे नष्ट होऊ नयेत म्हणून १८४४ पासून त्यांच्या हाताने नकला करण्याचे काम अनेकांनी केले. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून केलेल्या नकला लंडनला पाठवल्या गेल्या आणि त्यातल्या बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक लंडनमध्येच आगीत गेल्या. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी तिसऱ्यांदा हे काम हाती घेतले. त्यांच्या चमूत बंगालचे नंदलाल बोस होते, तसेच हैदराबादहून आलेले सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हे दोन मुस्लिम चित्रकारही होते. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे क्युरेटर झाले. त्यानंतर जपानी चित्रकार अराई काम्पो यांनीही अजिंठ्याला येऊन नकला केल्या. लेण्यातल्या अंधारात, वटवाघळांच्या वासात, एकेक रेष ताडून पाहत केलेल्या त्या कामाला कोण चोरी म्हणेल? त्यांनी ती चित्रे अमानत म्हणून सांभाळली.

ओले धान्य वर ठेवा

खरी गोष्ट पुढे आहे. भाचीने चित्र पूर्ण केले. मूळ चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जपानी अक्षरांची उभी ओळ आहे. तिला ती नक्षीच वाटली. तीही तिने जशीच्या तशी उतरवली. खाली उजवीकडे स्वतःचे नाव लिहिले. आम्ही चित्र फ्रेमसाठी दिले. दुकानदाराला ते फार आवडले. तो म्हणाला, "आणखी चार काढून दे. हाताने काढलेले खास जपानी चित्र म्हणून विकू. खालचे तुझे नाव तेवढे काढून टाक, वरची जपानी अक्षरे राहू दे."

पोरगी खूश. चार चित्रांच्या पैशांत चांगले ब्रश आणि रंग आले असते. घरी आल्यावर अम्मींनी विचारले, "वरची अक्षरे कसली आहेत?" शोधून पाहिले तेव्हा कळले की त्यात चित्राचे नाव आणि होकुसाईची सही आहे.

अम्मींनी सहीह मुस्लिममधली धान्याची हकिकत सांगितली. पैगंबर (स.) बाजारातून जात असताना एका व्यापाऱ्याच्या धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला. वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले लागले. विचारल्यावर व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी फर्मावले, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही हेही सांगितले. अम्मी भाचीला म्हणाल्या, "बेटा, धान्य ओले असणे हा गुन्हा नव्हता. ते खाली दडवणे हा गुन्हा होता. तुझी नक्कलही तशीच. नक्कल आहे हे वर ठेव."

भाची हिरमुसली. "पण नानी, मग कोण घेणार?"

मी थोडी माहिती काढली. भारतातल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्राचा कॉपीराइट संपतो. होकुसाईला जाऊन पावणेदोनशे वर्षे झाली, म्हणजे नक्कल करायला कायद्याची आडकाठी नाही. पण परवानगी असणे आणि खरे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रकारांना मूळ चित्रासमोर बसून नक्कल करू देतात. तिथे दोन नियम पक्के आहेत. नक्कल मूळ मापाची नसावी, पाचव्या हिश्शाने तरी लहान किंवा मोठी असावी. आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. जपानमध्येही आज नव्याने फळ्या कोरून होकुसाई-हिरोशिगेची चित्रे छापणारे कारागीर आहेत, पण ती पुनर्मुद्रणे म्हणूनच विकली जातात.

मग भाचीने आकाशाचा तो कोपरा पुन्हा रंगवून सही झाकली. खाली लिहिले: 'होकुसाईच्या चित्रावरून', आणि त्यापुढे आपले नाव व वर्ष. दुकानदाराने तोंड वाकडे केले. चारऐवजी दोनच चित्रे ठेवायला तयार झाला, तीही ठरलेल्या दराच्या निम्म्याने. त्यातले एक गेले. दुसरे अजून काचेमागे आहे. ब्रश आले, रंग राहिले. पण विकत घेणाऱ्या बाईंनी होकुसाई कोण हे विचारले, आणि भाचीने दहा मिनिटे उभ्याने सगळे सांगितले, असे दुकानदारच हसत म्हणाला.

घरी करून पाहायचे असेल तर

सुट्टीत मुलांबरोबर हा उद्योग जरूर करावा. भाचीने चुका करत शिकलेल्या गोष्टी इथे देते.

चित्र नीट दिसेल असे निवडा. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट यांनी आपल्याकडच्या जुन्या जपानी चित्रांच्या मोठ्या प्रती सर्वांसाठी मोफत खुल्या केल्या आहेत. एकाच चित्राच्या दोन-तीन प्रती पाहिल्या तर गंमत कळते. लाल फुजीच्या सुरुवातीच्या प्रतींत डोंगर फिकट आहे, नंतरच्या प्रतींत जास्त लाल. छापणाऱ्याचा हात बदलला की रंग बदलतो.

मूळ छापे साधारण २५ बाय ३८ सेंटिमीटरचे असत. त्याहून लहान किंवा मोठे माप घ्या. कागद जाड हवा, पातळ कागद पाण्याने फुगतो. हातकागद मिळाला तर उत्तम. दौलताबाद-खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागजी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने कागद बनवला, हेही मुलांना सांगा.

चौकोन पाडून हलक्या पेन्सिलीने आकार उतरवा. छापील चित्रात काळी किंवा निळी रेघ आधी छापतात आणि रंग नंतर. हाताने रंगवताना उलट करा: आधी सपाट रंग, सगळे वाळल्यावर शेवटी बारीक ब्रशने रेघ. आधी रेघ काढली तर ती पाण्यात पसरते.

सपाट भागांसाठी पोस्टर कलर चांगले. आकाश वर गडद आणि खाली फिके होत जाते, जपानी छपाईत याला 'बोकाशी' म्हणतात. कारागीर फळी ओली करून तिच्यावर रंग फिका करत नेई. आपण दोन ब्रश घ्यावेत, एकात रंग आणि दुसऱ्यात फक्त स्वच्छ पाणी. वरून रंग ओढत आणायचा आणि खालून पाण्याच्या ब्रशने त्याला भेटायचे. तीन-चार कागद खराब झाल्याशिवाय हे जमत नाही.

आणि निळा रंग? मुलांच्या रंगपेटीत 'प्रशियन ब्लू' नावाची ट्यूब असते. अठराव्या शतकात बर्लिनमध्ये तयार झालेला हा रंग युरोपातून जपानला पोहोचला आणि होकुसाईने या मालेत तो भरभरून वापरला. त्याच्या चित्रातला निळा आणि आपल्या ट्यूबमधला निळा एकच आहे, हे कळल्यावर भाचीचे डोळे चमकले होते.

शेवटी चित्राच्या दर्शनी बाजूला तीन गोष्टी लिहा: मूळ चित्रकार, नक्कल करणाऱ्याचे नाव, वर्ष. निजामशाहीच्या काळात आपल्या नगरमध्येही उत्तम चित्रे काढली गेली. हुसेन निजामशहाच्या काळावर आफताबी या कवीने लिहिलेल्या काव्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. कवीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, पण ती चित्रे काढणाऱ्यांची नावे मागे राहिली नाहीत. नाव लिहिणे म्हणजे मिरवणे नव्हे. तो एक हिशेब आहे, कुणाचे किती हे पुढच्याला कळावे म्हणून.

आपला डोंगर

फुजीची खासियत अशी की तो दुरून, अनेक गावांतून दिसतो. होकुसाईने तो लाटेमागून, शेतातून, लाकडांच्या वखारीतून, पुलाखालून दाखवला. ऐकता ऐकता भाची म्हणाली, "खाला, आपल्याकडेही असाच आहे की. चांदबीबी महाल!"

नगरमधून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधून, पाथर्डी रस्त्याने निघाले की भिंगारच्या पुढे शाह डोंगरावर ती अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसू लागते. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. खरे तर ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबत खान याची कबर आहे. हाही एक प्रकारे नावाचा हिशेब चुकल्याचाच नमुना. हिरोशी योशिदा हा जपानी छापचित्रकार १९३०-३१ मध्ये भारत फिरून गेला आणि त्याने ताजमहाल व फतेहपूर सिक्रीची छापचित्रे केली. एकाच ताजमहालाची त्याने वेगवेगळ्या वेळची सहा चित्रे काढली: पहाटेच्या धुक्यातला, चांदण्यातला, रात्रीचा. मग आपल्या महालाची का नकोत?

भाचीने घरी बसून पहिले चित्र काढले. सकाळची वेळ, डोंगर लालभडक, मागे निळे आकाश, वर तो महाल. चित्र छान होते. पण माझे भाऊजी रोज फजरनंतर त्या बाजूला फिरायला जातात. ते पाहून म्हणाले, "सकाळी हा डोंगर लाल कुठे असतो? सूर्य त्याच्या मागून येतो. तेव्हा तो काळा दिसतो."

खरेच होते. तिने डोंगर नगरचा घेतला होता आणि सकाळ होकुसाईची. पुढच्या रविवारी आम्ही असरची नमाज पढून भिंगारच्या पुढे गेलो. मावळतीचे ऊन समोरून पडले होते. डोंगर लाल नव्हता, वाळलेल्या गवताचा पिवळा आणि खडकाचा तपकिरी होता, आणि मगरिबच्या थोडे आधी काही मिनिटेच तांबूस झाला. तिने बोकाशीचे दोन ब्रश काढले आणि घाईघाईने रंग भरला. महालाचा तोल गेला, कमानी कमी-जास्त झाल्या. अजान होताच कागद गुंडाळून आम्ही निघालो.

ते चित्र अजून भिंतीवर लावण्याजोगे नाही, असे तिचेच म्हणणे आहे. मधल्या जागी सध्या फुजीच आहे, खाली 'होकुसाईच्या चित्रावरून' असे लिहिलेला. महालाच्या चित्राखाली मात्र तिने फक्त आपले नाव लिहिले आहे, आणि वेळ: असर ते मगरिब.